लिस्बन किती तासांवर?

गोव्यापासून लिस्बन किती लांब आहे, असं विचारलं तर आकडा लगेच सांगता येतो. सुमारे ८,३०० किलोमीटर. वास्को द गामा इकडे यायला निघाला तेव्हाही तो तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे. पण तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मला आधी चार गोष्टी उलट विचाराव्या लागतात. महिना कुठला? मधे कुठे उतरायचं आहे? जाताना की येताना? आणि या आठवड्यात कुठल्या देशाचं आकाश बंद आहे?

माझी मुलगी लिस्बनला असते. जावयाच्या आजोबांचा जन्म १९६१च्या आधी, म्हणजे पोर्तुगिजांच्या अमलातल्या गोव्यात झालेला. त्यांची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये झाली, मग मुलाची, मग नातवाची, आणि आमची डिचोलीतली पोर तेजो नदीच्या काठावर संसार करू लागली. अशा नोंदीवर मिळणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टावरून गोव्यात पुष्कळ बोललं जातं. मतदारयादीतून नावं जातात, घराण्याच्या जमिनीचे प्रश्न येतात, आणि ‘ज्यांना घालवलं त्यांच्याच दारात गेलात’ हे वाक्य ऐकावं लागतं. त्या वादात मी इथे पडत नाही. मला वेळाबद्दल बोलायचं आहे, कारण मूल लांब गेलं की आईबापांच्या डोक्यात नकाशा राहत नाही, तास राहतात.

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. वर्गात एक पृथ्वीगोल होता, आणि चौथीच्या मुलांना त्याच्यावर दोरा ताणून दाखवणं हा माझा आवडता तास होता. मुलगी तिकडे गेल्यावर मी घरच्या लहान गोलावर तोच प्रयोग केला. दोऱ्याचं एक टोक गोव्यावर, दुसरं लिस्बनवर, आणि दोरा ताठ. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट तीच. भिंतीवरच्या सपाट नकाशावर फूटपट्टी ठेवली तर रेघ ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, ट्युनिशिया आणि अल्जीरियावरून जाते. दोरा तसा जात नाही. तो गोव्यातून वायव्येला सुटतो, अरबी समुद्र तिरका कापतो, मस्कतच्या उत्तरेने ओमानच्या आखातात शिरतो, इराणच्या किनाऱ्याला लागून पर्शियन आखाताच्या टोकाशी येतो, तिथून दक्षिण इराकात नजफच्या आसपास, मग सीरियात होम्सजवळ, सायप्रसच्या किंचित उत्तरेने भूमध्य समुद्रावर, ग्रीस आणि इटलीच्या दक्षिण टोकावरून सार्डिनियाच्या खालच्या भागावर, आणि शेवटी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या बाजूने लिस्बनवर. शेवटच्या टप्प्यात तो लिस्बनपेक्षा जरासा उत्तरेला चढतो आणि मग खाली उतरतो. सपाट कागदाची सवय झालेल्या डोळ्याला हा वळसा वाटतो, पण गोलावर तो सरळच आहे.

प्रवासी विमान वरच्या थरात ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर दोऱ्याच्या वाटेने गोवा ते लिस्बन दहा तासांत व्हायला हवं. रात्री जेवून निघावं आणि सकाळच्या न्याहारीला लेकीकडे असावं, इतकं ते जवळ आहे.

असं थेट विमान आज नाही.

म्हणून मुलगी दोहामार्गे येते-जाते. मी दोहावर दोऱ्याचा तुकडा ठेवून पाहिला. गोवा ते दोहा साधारण २,५६० किलोमीटर, दोहा ते लिस्बन साधारण ५,८०० किलोमीटर. बेरीज केली तर थेट अंतरापेक्षा शंभर किलोमीटरसुद्धा जास्त होत नाही, कारण दोहा त्या दोऱ्याच्या अगदी जवळ बसलेलं शहर आहे. दिल्लीला जाऊन मग युरोपात जाणाऱ्याला आधी उत्तरेला दीड हजार किलोमीटर जावं लागतं. लंडनमार्गे गेलं तर आठशे किलोमीटर वाढतात. दोहाला अंतर वाढत नाही, पण मधला मुक्काम वाढतो. तो कधी दोन तासांचा, कधी नऊ तासांचा. दोन तासांचा घेतला आणि पहिलं विमान उशिरा सुटलं तर दुसरं हातून जातं. नऊ तासांचा घेतला तर खुर्चीत पाय आखडतात. म्हणून तिकीट काढणाऱ्यांना माझं सांगणं असतं की किंमत बघायच्या आधी मधला मुक्काम बघा. चार-पाच तासांचा असला तर घ्या.

जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पृथ्वी फिरते म्हणून असं होत असेल, असं वर्गातली मुलं सांगायची, आणि मोठी माणसंही सांगतात. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. खरं कारण वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोराने. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा वेग तिथे नवलाचा नाही. लिस्बनहून इकडे येताना हा वारा पाठीशी असतो आणि तिकडे जाताना छातीवर. दोहा-लिस्बन टप्प्यात त्यामुळे तासाभराचा फरक पडू शकतो. मुलगी घरी येते ती लवकर येते आणि परत जाते ती उशिरा पोहोचते, एवढं तरी वारा आमच्या बाजूने करतो.

हाच हिशेब पाचशे वर्षांपूर्वी महिन्यांमध्ये होता. वास्को द गामा ८ जुलै १४९७ला लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ला कालिकतला पोहोचला. यातला शेवटचा टप्पा, आफ्रिकेच्या मालिंदीहून अरबी समुद्र ओलांडून मलबारपर्यंतचा, चार आठवड्यांच्या आत झाला. मालिंदीत घेतलेल्या वाटाड्याला वारा कधी वळतो हे ठाऊक होतं. परतीला मात्र गामा थांबला नाही. ऑक्टोबर १४९८मध्ये तो अंजदीवहून निघाला. हे बेट कारवारच्या समोर आहे आणि आजही गोव्याच्या नकाशात येतं. पश्चिमेला नेणारा वारा अजून नीट सुरू व्हायचा होता. तोच समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत खलाशी स्कर्व्हीने, हिरड्या सुजवणाऱ्या त्या रोगाने, धडाधड मेले. किनारे तेच आणि अंतरही तेच होतं. वेळ तिपटीहून जास्त लागला, आणि तो वेळ माणसांच्या जिवाने मोजला गेला.

पुढे पोर्तुगिजांनी वाऱ्यापुढे मान तुकवली आणि वेळापत्रक बांधलं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचं, आफ्रिकेला वळसा घालून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला धरायचं आणि सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी यायचं. गोव्याहून परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत सुटायची. आफ्रिकेला वळसा घालणारी ती वाट दोऱ्याच्या दुपटीहून लांब होती. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४च्या मार्चमध्ये निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सहा महिने. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ला निघाले. त्यांच्या जहाजाचा वारा चुकला, मोझांबिकला कित्येक महिने मुक्काम पडला आणि ते ६ मे १५४२ला गोव्यात पोहोचले. तेरा महिने लागले. जुन्या गोव्याच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांचं दर्शन घ्यायला गर्दी उसळते तेव्हा मला नेहमी तो मोझांबिकचा मुक्काम आठवतो. मधल्या मुक्कामाने वाट लांबणं हे या वाटेवर फार जुनं आहे.

यातली मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट पत्रांची आहे. गोव्यातून जानेवारीत जहाजाबरोबर गेलेलं पत्र लिस्बनला उन्हाळ्यात मिळायचं. त्याचं उत्तर निघायचं पुढच्या मार्चमध्ये आणि इथे यायचं सप्टेंबरमध्ये. एका प्रश्नाचं उत्तर मिळायला दीड वर्षाहून जास्त. ‘बाबांची तब्येत कशी आहे’ असं कुणी विचारलं असेल आणि उत्तर वाचेपर्यंत बाबांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं असेल. दोन्ही किनाऱ्यांवरच्या किती बायकांनी असं आयुष्य काढलं असेल! १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, आणि महिन्यांचे आठवडे झाले. तो बदल विमानापेक्षाही मोठा होता असं मला वाटतं. विमानाने आठवड्यांचे तास केले, पण वाऱ्याची वाट बघत बसण्यातून माणूस सुटला तो वाफेमुळे.

वाऱ्यातून सुटलेला माणूस मग सरहद्दीत अडकला. आमच्या घरात ही गोष्ट सासूबाईंमुळे जिवंत राहिली.

त्यांचं माहेर साखळीचं. त्यांचे थोरले बंधू मुंबईला गिरगावात एका छापखान्यात कामाला होते. तेव्हाच्या पुष्कळ गोंयकारांसारखं, घर इथे आणि पोट तिथे. १९५५च्या ऑगस्टमध्ये सरहद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर भारताने गोव्याच्या सीमा घट्ट केल्या. रेल्वे बंद झाली. परवान्याशिवाय ये-जा नाही. गोवा ते मुंबई हवेतलं अंतर आहे सव्वाचारशे किलोमीटर. पण त्या वर्षांत गोव्याच्या सरकारने उभारलेल्या नव्या विमान कंपनीची विमानं दाबोळीच्या नव्या धावपट्टीवरून दमण-दीवला आणि साडेबाराशे किलोमीटरवरच्या कराचीला जात. कंपनीचं नाव लांबलचक होतं, ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंडिया पोर्तुगेझा; लोक तिला आद्याक्षरांनीच ओळखत. लिस्बनला जायची वाटही कराचीतूनच होती, कारण भारताचं आकाश त्यांना मिळणार नव्हतं. साखळीच्या माणसाला हाकेच्या अंतरावरचं दोडामार्ग परदेश झालं होतं.

त्याच काळात सासूबाईंचे वडील गेले. मुलगा गिरगावात. निरोप कसा पाठवणार? सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी दिली. ती कोणकोणाच्या हातून फिरत मुंबईला पोहोचली तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. परवान्याच्या खटपटीत आणखी दिवस गेले. मामा घरी आले ते किती तरी नंतर, आणि आले तेव्हा ओसरीवर बसून वडिलांच्या खुंटीवरच्या टोपीकडे बघत राहिले, असं सासूबाई सांगायच्या. त्यांना त्यात पोर्तुगिजांचा राग होता, भारताच्या नाकेबंदीचाही होता, आणि त्याहून जास्त राग गावातल्या त्या माणसांचा होता जी म्हणाली, ‘मुंबईक गेल्लो पूत, बापायक विसरलो.’ सव्वाचारशे किलोमीटरवरचा मुलगा येऊ शकत नाही म्हणजे त्याला यायचं नसणार, असा सरळ हिशेब त्यांनी केला. अंतराकडे बघून केलेला तो हिशेब होता.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१च्या मधल्या रात्री दाबोळीवरून दोन विमानं निघाली. भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकून धावपट्टी खराब केलेली होती. राहिलेल्या तुकड्यावरून ती अंधारात उडाली आणि कराचीला पोहोचली. त्यांत अधिकाऱ्यांची कुटुंबं होती. १९ तारखेला गोवा मुक्त झाला आणि दोडामार्ग पुन्हा शेजारचं गाव झालं. मामा त्यानंतर चवथीला, गणेशचतुर्थीला, दर वर्षी येत राहिले.

नकाशावर सरहद्दी रंगवलेल्या असतात, पण त्या आकाशातही असतात हे मी शाळेत कधी शिकवलं नाही, पुस्तकात तसा धडाच नव्हता. आता रोजच्या बातम्या तो धडा शिकवतात. २०१९च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर भारतातून पश्चिमेला जाणारी विमानं गुजरातपर्यंत खाली येऊन अरबी समुद्रावरून वळसा घालत राहिली. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं. २०२५च्या २४ एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश पुन्हा भारतीय विमानांना मिटलं. त्याच वर्षी जूनमध्ये इराण-इस्रायल युद्धात इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशं एकामागून एक बंद झाली, आणि २३ जूनच्या संध्याकाळी खुद्द दोहाचं आकाश काही तास बंद झालं. वाटेतली विमानं जिथे जागा मिळेल तिथे उतरली. त्या रात्री आमच्या वाड्यावर दोन घरांतले दिवे चालू होते, कारण त्यांची माणसं हवेत होती.

माझ्या दोऱ्याखालची नावं पुन्हा वाचून पाहा. इराणचा किनारा, आखाताचं टोक, इराक, सीरिया. पृथ्वीने दाखवलेली सगळ्यांत जवळची वाट माणसांनी वर्षानुवर्षं पेटत ठेवलेल्या जमिनीवरून जाते. लिस्बन दहा तासांवर आहे ते फक्त शांततेच्या दिवसांत. लढाई कुठे तरी दूर चालली आहे असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की तुमच्या घरातलं कुणी परदेशात असेल तर ती दूर नाही, ती तुमच्या पोराच्या वाटेवर आहे.

गोव्यातून बाहेरचे देश किती जवळ आहेत, हेही एकदा मोजून बघण्यासारखं आहे. मस्कत आपल्यापासून साधारण १,८६० किलोमीटर. श्रीनगर आणि गुवाहाटी दोन्ही त्याहून लांब आहेत. म्हणून गोव्यातल्या मागच्या पिढ्यांना आखात हा घरच्या अंगणाचाच भाग वाटत आला, त्यात आश्चर्य नाही. आखातात नोकरीला गेलेला माणूस बारशाला येऊ शकतो. लिस्बन, लंडन, टोरांटो इथला येऊ शकेलच असं नाही.

घरून विमानतळ हा टप्पाही लोक हिशेबात धरत नाहीत. डिचोलीहून दाबोळीला जायचं म्हणजे मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडायच्या. २०२३च्या जानेवारीपासून मोपावरून विमानं सुरू झाली आणि पेडणे, बार्देश, डिचोली या बाजूच्या लोकांची सोय झाली. काणकोणच्या माणसाला मात्र मोपाचं विमान पकडायला अख्खा गोवा चढून यावं लागतं.

सासूबाईंना यातलं सगळं समजत होतं. त्यांचं शिक्षण मराठी चौथी आणि थोडं पोर्तुगीज, पण वेळेचा हिशेब चोख. पोर्तुगालचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून आमच्यातला फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा असतो. शाळेत आपण शिकतो की एका रेखांशाला चार मिनिटं. गोवा आणि लिस्बन यांच्यात ८३ रेखांश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने साडेपाच तास आणि वर दोन मिनिटं. त्यामुळे हिवाळ्यातला फरक हा सूर्याचा खरा फरक, असं मी त्यांना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग उन्हाळ्यात ती आपल्या तासभर जवळ येते म्हणायचं. त्या वर्षीपासून मार्चच्या शेवटच्या रविवारी त्या सकाळी मला आठवण करायच्या, आज पोर जवळ आली.

नात निघाली की देवापुढे समई लावायच्या आणि ‘पावलें’, म्हणजे पोहोचले, असा निरोप येईपर्यंत तेल घालत राहायच्या.

त्या गेल्या त्या पावसाळ्यात, पहाटे चारच्या सुमारास. लिस्बनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मुलीला फोन मीच केला. नातीला त्यांनीच वाढवलेलं; मी शाळेत असायचे तेव्हा तिची वेणी, तिचा डबा, तिची आजारपणं सगळं त्यांच्याकडे. थांबायचं की नाही, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर होता. माझे यजमान थोरले, अग्नी देणारे तेच, तेव्हा विधीला कुणाची अडचण नव्हती. वाड्यावरची जाणती माणसं म्हणाली की नातीसाठी थांबत नाहीत. यजमान गप्प. बांबोळीच्या शवागारात एक दिवस ठेवता आलं असतं. शेवटी निर्णय पोरीनेच दिला. फोनवर ती बराच वेळ रडली आणि मग स्पष्ट म्हणाली, ‘बाबा, आजीला थंडीत ठेवू नका. घरातून उचला आणि सरळ न्या. मी पोहोचते तेव्हा पोहोचते.’

दुपारी पावसाने उघडीप दिली आणि आम्ही नेलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला बापाबरोबर गेली. कुणी तरी कुजबुजलं की बायका जात नाहीत. यजमानांनी तिचा हात धरला आणि पुढे चालू लागले.

तिचं म्हणणं योग्य होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण जी घरं थांबतात तीही योग्यच करतात. एकुलता मुलगा कॅनडात असेल आणि आईने आयुष्यभर त्याच्या हातचं पाणी मनात धरलं असेल तर दोन दिवस थांबावं, तीन दिवस थांबावं. माझी विनंती बघणाऱ्यांना आहे. आला नाही म्हणून माया कमी, धावत आला म्हणून माया जास्त, हे मोजमाप टाकून द्या. येणारा दोहात अडकलेला असू शकतो, त्याच्या रजेचा कागद कुणाच्या तरी टेबलावर असू शकतो, त्याच्या वाटेवरचं आकाश त्याच रात्री मिटलेलं असू शकतं. मामांवर एकदा ते मोजमाप लागलं आणि ते मरेपर्यंत त्यांच्या अंगावरून गेलं नाही.

दुसरं सांगणं ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना. हे बोलणं आधी करून ठेवा. अशुभ बोलू नये म्हणून आपण टाळतो आणि मग पहाटे चार वाजता ते एका रडणाऱ्या पोरीवर सोपवतो. आम्ही दोघांनी गेल्या चवथीला, ती घरी असताना, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, सोडवून झाल्यावर कागद काढला आणि बसलो. कुठल्या डॉक्टरांना विचारायचं, डोळे दान करायचे, घराची कागदपत्रं कुठे आहेत, अग्नी तिनेच द्यायचा, हे सगळं सुरळीत लिहून झालं. किती थांबायचं या ओळीवर गाडी अडली. यजमान म्हणाले, अजिबात नको. मी म्हटलं, चोवीस तास. पोर उठली, आतून पेन घेऊन आली आणि कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडू लागली. फोन रात्री आला असं धरू. पहिलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे सोळा तास तिथेच गेले. दोहापर्यंत साडेसात. मुक्काम पाच. मोपापर्यंत पावणेचार. सामान, शिक्का, गाडी मिळून दोन. बेरीज सव्वाचौतीस. वारा पाठीशी आहे, हे मी धरलंच आहे, असंही तिने सांगितलं.

यजमानांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीवर छत्तीस लिहिलं.